पांढरं तोंडाला, पिवळं केसाला

"खोली खाली करा! आत्ताच्या आत्ता! तुमचा स्टो, तुमची म्हातारी, तुमचं गाठोडं, सगळं उचला अन् निघा!"

आमचे घरमालक अंगणात उभे राहून ओरडत होते. सकाळचे सात वाजायचे होते. कमरेला धोतर, वर बंडी, उजव्या हातात मलमाची विलायती ट्यूब, आणि आवाज असा की समोरच्या लिंबावरचे कावळे उठून शेजारच्या तालुक्यात बदली मागायला गेले. आम्ही अकरा बिऱ्हाडांची माणसं घागरी, बादल्या आणि तेलाचे रिकामे डबे घेऊन पाण्याच्या नंबरला उभी होतो. ज्यांच्यावर तोफ डागली जात होती त्या सिस्टर, म्हणजे सिव्हिल हॉस्पिटलातल्या नर्स आणि मालकांच्या अगदी कोपऱ्यातल्या खोलीच्या भाडेकरू, नंबरात सगळ्यांच्या मागे होत्या. तिथंच त्या रोज असायच्या.

"मी काय केलं, मालक?"

"काय केलं? इंजिनेरीणबाईला तुम्ही सांगितलं का न्हाई, की माझा माल केस काढायचा हाय म्हणून? आख्खं लातूर हसून राहिलं मला!"

"केस काढायचाच आहे तो," सिस्टर म्हणाल्या.

हे भांडण कुठवर गेलं ते सांगतोच. पण आधी हा प्राणी काय होता ते सांगितलं पाहिजे, नाहीतर तुम्हाला वाटेल, गडी वाढवून सांगतोय. आता वाढवून सांगायला मी कधी मागं हटलेलो नाही. पण या माणसाच्या बाबतीत वाढवायला त्यानंच जागा ठेवली नव्हती.

लातूर तेव्हा नुकतंच जिल्ह्याचं गाव झालं होतं. पाट्या रंगवणाऱ्यांची दिवाळी होती. जुन्या जिल्ह्याच्या नावावर फुली आणि शेजारी ओल्या रंगात 'लातूर' अशा पाट्या गल्लोगल्ली वाळत पडल्या होत्या. कचेऱ्यांना जागा नव्हती, साहेबांना बंगले नव्हते, आणि आमच्यासारख्या कारकुनांना तर खाट टाकायला पडवी मिळेना. त्यातच दुष्काळ. जिल्हा झाला, पण पाणी तालुक्याचंच राहिलं. नळाला आठ-आठ दिवस नुसती हवा यायची, आणि टँकर आला की सुशिक्षित माणसं एकमेकांच्या अंगावर चढायची.

अशा वेळी आमच्या मालकांच्या अंगणातल्या बोअरला पाणी होतं. देव कुणाला काय देईल सांगता येत नाही. डाळीच्या जुन्या गोदामात आडव्या भिंती घालून त्यांनी अकरा खोल्या काढल्या होत्या. पाऊस असता तर त्या खोल्यांत आम्ही गुरंसुद्धा बांधली नसती. पण बोअर होती, म्हणून आम्ही त्यांना 'मालक' म्हणत होतो आणि वर हसतही होतो. मोटारीच्या बटनाला लोखंडी पेटी, पेटीला कुलूप, आणि किल्ली मालकांच्या करदोड्याला. ते अंघोळीला बसले तरी किल्ली भिजायची, पण सुटायची नाही.

मालकांचा खरा धंदा मात्र पाण्याचा नव्हता. ते तोंडाचा धंदा करायचे. म्हणजे तोंडाला लावायच्या मालाचा.

महिन्यातून एकदा ते एसटीनं नांदेडला जायचे. नांदेडच्या जुन्या गावात एक शिंपी होता. पाच वर्षांत त्यानं एक पायजमा शिवल्याचं कुणी पाहिलं नव्हतं. दुबई, कुवैत, सौदीला कामाला गेलेली माणसं सुट्टीवर आली की बॅगा भरून सेंट, साबण, क्रीम, पावडरी आणायची. नातेवाइकांत वाटून उरलं की ते या शिंप्याकडं यायचं. कुणाला लग्न उरकायचं असायचं, कुणाला घरावर स्लॅब टाकायचा असायचा. ज्या बाटलीसाठी मुंबईच्या काचेच्या दुकानातली पोरगी 'मॅडम, मॅडम' करत निम्मा पगार मागेल, ती इथं शिलाई मशीनच्या खाली, कापडाच्या चिंध्यांत, गवारीच्या शेंगांसारखी ढिगानं पडलेली असायची. मालक उकिडवे बसायचे, ढीग चिवडायचे, खोकी तिथंच फेकायचे, कारण खोकी जागा खातात, आणि आतल्या बाटल्या-ट्यूबा हळदीच्या पोत्यात पुरून लातूरला आणायचे.

हळद का? जकात नाक्यासाठी. नाक्यावरच्या माणसानं पोत्यात हात घातला की कोपरापर्यंत नवरदेव होऊन बाहेर यायचा. दुसऱ्यांदा कोण घालतो! तरी मालक त्याला एक साबणाची वडी देऊन जायचे, हात धुवायला. पाणी कुठून आणायचं, ते तो बघून घ्यायचा.

त्यामुळं मालकांच्या प्रत्येक मालाला हळदीचा वास असायचा. आमचे थोरले साहेब फ्रान्सचं सेंट मारून कचेरीत शिरले की सगळ्या सेक्शनला भूक लागायची. कुणी वासाबद्दल बोललंच तर मालक कीव केल्यासारखे बघायचे. "फ्रान्सात काय समजले तुम्ही? तिथल्या राण्यासुद्धा हळद लावूनच मोठ्या झाल्यात. खालिस माल हाय, म्हणून वास येतो. नकलीला कुठला वास?"

'विकणं' हा शब्द त्यांना शिवीसारखा लागायचा. "मी काय दुकानदार हाव का? दुकानात घेतलं की ते विकत. माझ्याकडनं घेतलं की ते मिळालं. विकतचं लावलं की नुस्तं तोंड दिसतं. मिळालेलं लावलं की नशीब दिसतं." मग ते मुंबईची किंमत सांगायचे, डोळे मिटून निम्मी करायचे आणि "तुम्ही घरच्या हाव म्हणून" असं म्हणून आणखी थोडी खाली आणायचे. या माणसानं जन्मात मुंबई पाहिली नव्हती. त्यांची दुनिया सोलापूरच्या स्टँडवर संपत होती.

एकदा त्यांनी मला खोलीत बोलावलं. दार लावलं. पंच्यातून एक सेंटची बाटली काढली. बाटलीवर छोटी चिठ्ठी होती. "तुम्ही इंग्रजी शिकलेले हाव. वाचा."

मी वाचलं, टेस्टर, नॉट फॉर सेल. दुकानात गिऱ्हाइकाला हुंगायला ठेवतात ती बाटली. कुणीतरी तिकडून उचलून आणली होती. मी आपलं सरळ भाषांतर केलं, "विकण्यासाठी नाही."

खरं सांगतो, मालकांच्या डोळ्यांत पाणी आलं; त्या वर्षी लातुरात तेवढंच पाणी फुकट होतं. "बघा," ते घोगऱ्या आवाजात म्हणाले, "कंपनीनं लिहून दिलंय. हे विकायला काढलेलंच न्हाई! हे नवाबासाठी, बादशहासाठी बाजूला ठेवलेलं. अन् आलं कुठं? तर आपल्या घरी."

त्या दिवसापासून चिठ्ठीवाल्या बाटलीचा भाव दुप्पट झाला. आठवडाभरानं मालकांनी कोऱ्या कागदाच्या पट्ट्या आणि खळ आणून माझ्यासमोर ठेवली. मी त्यांना पंधरा चिठ्ठ्या सुवाच्य अक्षरात लिहून दिल्या. बदल्यात मला पाण्याच्या नंबरात तिसरी जागा मिळाली. म्हणा काय म्हणायचं ते. घरात बायको बाळंतीण होती, असं मी म्हटलं असतं; पण माझं लग्नच झालेलं नव्हतं.

खोकी फेकल्यामुळं कोणती ट्यूब कशाची हे मालकांना कळायचं कसं? त्यासाठी त्यांनी स्वतःचं शास्त्र तयार केलं होतं. पांढरं असलं की तोंडाला. पिवळं असलं की केसाला. गुलाबी असलं की गालाला. आणि निळं निघालं की मुकाट्यानं साहेबाला. साहेब विचारत नाही. या शास्त्रानुसार एका मुख्याध्यापिकाबाईंनी केसाला लावायचं पिवळं लावलं. ते धुवून टाकायचं असतं हे ना त्यांना ठाऊक, ना मालकांना, आणि ठाऊक असतं तरी पाणी कुठं होतं? बाई नऊ दिवस चिकट डोक्यानं हिंडल्या. वर्गातल्या सगळ्या माश्या बाईंच्या तासाला येऊन बसायच्या, म्हणतात. पोरांची हजेरीही एवढी चांगली नव्हती.

दुष्काळात त्यांच्या हाती एक असा माल लागला की त्यांनी सगळ्या अधिकाऱ्यांच्या घरी तो स्वतः नेऊन दिला. क्लीन्सिंग मिल्क. कापसावर घ्यायचं, तोंड पुसायचं, पाणी लागत नाही. मालकांनी त्याला नाव दिलं 'बिनपाण्याचं तोंड'. "सरकार म्हणून राहिलं पाणी वाचवा, अन् मी वाचवून दाखवतो!" असं त्यांनी भर कचेरीत सांगितलं, आणि दोन साहेबांनी माना डोलावल्या. एका नायब तहसीलदाराच्या सासूबाईंनी 'मिल्क' एवढंच ऐकलं आणि जावयाच्या चहात घातलं. मी तो चहा पाहिला नाही, पण जावयाला पाहिलं. तो त्यानंतर दोन दिवस कुणावर ओरडला नाही.

स्वतः मालक यातलं काही लावत नसत. ते रोज दोन बादल्या पाण्यानं, कपड्याच्या साबणानं अंघोळ करत आणि मिशीला खोबरेल लावत. आणि मिशी काय होती म्हणता! नव्या जिल्ह्याची हद्द सरकारला नीट आखता येत नव्हती, ती मालकांच्या ओठावर आखलेली होती; एक टोक औशाकडं, दुसरं उदगीरकडं. तिच्यासाठी खिशात वेगळी फणी. शपथ घ्यायची तर मिशीची. "मिशीची कसम, असली हाय," म्हटलं की बायका दुसरं काही विचारत नसत.

माल घेणाऱ्याचा पाण्याचा नंबर वर चढायचा, न घेणाऱ्याचा खाली यायचा. बोलून कुणी दाखवत नव्हतं. पण आमच्या गोदामातल्या बायकांचे चेहरे त्या उन्हाळ्यात कशानं चमकत होते ते सगळ्यांना माहीत होतं. ज्यांच्या घरी पीठ नव्हतं त्यांच्या घरी पावडर होती.

एकट्या सिस्टरनं काही घेतलं नाही.

त्या मूळच्या चाकूरकडच्या. बरोबर म्हातारी आई. खोली शोधत त्या सात गल्ल्या फिरल्या होत्या. प्रत्येक घरमालक आधी आडनाव विचारायचा, मग 'खोली कालच गेली' म्हणायचा. आमच्या मालकांनीही विचारलं. सिस्टर म्हणाल्या, "सिव्हिलला सिस्टर आहे." मालकांनी मनातल्या मनात सिव्हिलमधल्या नर्सा मोजल्या, डॉक्टरांच्या बायका मोजल्या, आणि आडनाव गिळलं. दुसऱ्या दिवशी सिस्टरच्या भिंतीवर बुद्धाची तसबीर लागली, तेव्हा मालकांना गिळलेलं पचेना. पण गिऱ्हाइकांच्या आशेनं त्यांनी खोली राहू दिली. फक्त पाण्याला सिस्टरचा नंबर शेवटचा ठेवला, "ड्यूटीवरनं कधीबी येता म्हणून," आणि त्यांची घागर भरताना पाइप ते हातभर वर धरायचे, घागरीला लागू नये म्हणून. आम्ही ते बघायचो. बघून आपापली घागर उचलायचो.

"सिस्टर, एक तरी डबी घ्या की," मालक म्हणायचे. "हॉस्पिटलात चार जणींना दाखवा."

"मालक, माझ्या तोंडाला सिव्हिलचा साबण पुरतो."

आता इंजिनेरीणबाई. त्यांचे यजमान बोअरच्या खात्यात मोठे इंजिनिअर होते. कुठं भोक पाडायचं ते त्यांच्या सहीनं ठरायचं. त्यामुळं बाईंना गावात देवीच्या खालोखाल मान होता. दुष्काळाची पाहणी करायला मंत्री येणार होते आणि ओवाळायचं ताट बाईंच्या हातात असणार होतं. मालकांनी त्यांना नवीन आलेली पांढरी ट्यूब दिली. "हे तोंडभर लावा. तासभर ठेवा. मंत्री ताट सोडून तोंडच बघत राहील."

तसंच झालं. बाईंनी तासभर ठेवायचं म्हणून वीस मिनिटं कसंबसं ठेवलं, आग सोसवेना म्हणून टॉवेलनं पुसलं, आणि टॉवेलबरोबर दोन्ही भुवया गेल्या. काजळानं नव्या काढल्या. पण एप्रिलचं ऊन आणि मंत्री दोन तास उशिरा. ओवाळायच्या वेळेपर्यंत उजवी भुवई कानशिलावर पोचली होती आणि डावी गालावरून गळ्याकडं निघाली होती. मंत्र्यांनी ताटात काही टाकलं नाही. ते दचकून मागं सरले.

बाई चेहरा घेऊन सिव्हिलला गेल्या. ड्यूटीवर सिस्टर होत्या. सिस्टरनी ट्यूब हातात घेतली, फ्रेंचच्या खाली मुंगीएवढं इंग्रजी होतं ते वाचलं आणि सांगितलं, "बाई, हे पायावरचे केस काढायचं आहे." एवढंच. पण बाई ते पुण्याच्या खणखणीत मराठीत साहेबांच्या बायकांच्या अख्ख्या क्लबाला सांगत सुटल्या. संध्याकाळपर्यंत मालकांकडं सोळा डब्या परत आल्या. घाबरून मालकांनी घरातलं साठवलेलं सगळं पाणी दोन ड्रमांत भरून बाईंची समजूत काढायला बंगल्यावर धाडलं. बाईंनी पाणी ठेवून घेतलं आणि समजूत परत पाठवली.

तर ती सकाळ.

"केस काढायचाच आहे तो," सिस्टर म्हणाल्या. "ट्यूबवर लिहिलंय, मालक."

"मला लिहिलेलं शिकवून राहिल्या! पांढरं हाय का न्हाई? पांढरं तोंडालाच असतं! पंधरा वर्षं माल काढून राहिलो मी! मिशीची कसम..." इथं ते थांबले. नुसती कसम आता पुरणार नाही हे त्यांच्याच ध्यानात आलं असावं. आमच्या चेहऱ्यांवरून नजर फिरली. कुणाच्या तरी नाकातून हसू निसटलं.

"थांबा," मालक म्हणाले. "समदे बघा."

त्यांनी टोपण दातानं काढलं, ट्यूब मधोमध दाबली, आणि औशापासून उदगीरपर्यंत, एक तालुका न सोडता, मिशीवर पांढरं थापलं.

आम्ही हातातल्या घागरी खाली ठेवल्या. एका बिऱ्हाडातलं तान्हं रडत होतं, तेही थांबलं.

"मालक, धुवून टाका," सिस्टर पहिल्यांदाच घाईनं म्हणाल्या. "पाच मिनिटांच्या वर ठेवलं की कातडी भाजते."

"अर्धा तास ठेवीन! अन् अर्ध्या तासानं तुम्ही म्हातारीला घेऊन रस्त्यावर दिसल्या पाहिजेत!"

कोपऱ्यातल्या खोलीच्या दारात सिस्टरची आई येऊन उभी राहिली. नुसती लेकीकडं बघत राहिली. आणि आम्ही दहा बिऱ्हाडं जमिनीकडं. एका जणानं जरी म्हटलं असतं, की मालक, बाईचं काय चुकलं, तर कदाचित गोष्ट निराळी झाली असती. पण सात वाजत आले होते आणि मोटार चालू व्हायची होती.

दोन मिनिटं गेली. "गार लागून राहिलंय," मालक म्हणाले. चौथ्या मिनिटाला, "गुण येऊन राहिलाय, म्हणून चुणचुणतंय." सातव्या मिनिटाला त्यांचे डोळे वाहू लागले. नवव्या मिनिटाला त्यांनी आईला हाक मारली, जी वारून वीस वर्षं झाली होती, आणि करदोडा उपसत मोटारीच्या पेटीकडं धावले. कुलूप उघडलं. बटन दाबलं. पुन्हा दाबलं. मुठीनं ठोकलं.

लाइट गेलेली.

"पाणी! अरे, पाणी द्या कुणीतरी!"

"थेंब न्हाई, मालक," पहिलं बिऱ्हाड म्हणालं. "थेंब न्हाई," दुसरं. मीही म्हणालो. माझ्या खाटेखाली अर्धी बादली होती, वर ताट झाकलेलं. प्रत्येकाच्या खाटेखाली होती. एरवी एकमेकांचं तोंड न बघणारी बिऱ्हाडं त्या दिवशी एका सुरात बोलली.

सिस्टर खोलीत गेल्या. आतून म्हातारीचा आवाज आला, "आगं, ती प्यायची हाय. दिवसभर काय करावं मी?"

"माहीत आहे, आई."

त्या घागर काखेत घेऊन आल्या. धुण्याच्या दगडावर मालकांना बसवलं, एका हातानं हनुवटी धरली, आणि तांब्यानं हळूहळू पाणी सोडत राहिल्या. मिशी आधी उदगीरकडून सुटली. मग मधली. मग उरलेला जिल्हा. पाणी ओठांवरून, हनुवटीवरून, बंडीवर. दोन घोट तोंडातही गेले असतील. मालकांनी ते थुंकले नाहीत.

घागर पालथी होईपर्यंत सिस्टर थांबल्या नाहीत. मग म्हणाल्या, "आता चोळू नका. ओला कपडा ठेवा. सिव्हिलला या, मलम देते."

मालकांनी तोंडावर पंचा धरला. पंच्याच्या वर जेवढं दिसत होतं तेवढं सोललेल्या रताळ्यासारखं होतं. मिशी गेल्यावर कळलं, की तो माणूस तसा लहानखुरा होता. हसायला हवं होतं, पण कुणाला हसू येईना. सगळे सिस्टरकडं बघत होते, आणि सिस्टर मालकांकडं.

"मालक," त्या म्हणाल्या, "मग माझ्या खोलीचं काय?"

मालकांनी रिकाम्या घागरीकडं पाहिलं. म्हातारीकडं पाहिलं.

"लाइट आली की तुमची घागर भरून घ्या," पंच्याआडून ते म्हणाले. "अन् एक तारखेला खोली खाली करा."